पणजीचं फोंताईन्हास: रंग सगळेच बघतात, भिंती बघा

कदंब बसस्थानकाच्या बाजूनं ओरेंची खाडी ओलांडली की फोंताईन्हास ही जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती सुरू होते. सकाळी ८ च्या आत पोहोचा, दोन तास पुरतात. उशीर झाला की गल्ल्या भाड्याच्या दुचाक्यांनी आणि फोटोवाल्यांनी भरतात. चारचाकी आत नेऊच नका, वळवायला जागा नाही.

पणजी १८४३ मध्ये राजधानी झाली, त्याला इतका काळ लोटला तरी ही वस्ती अजून राहती आहे, आणि हेच तिचं मोठेपण. जतन किती नीट झालंय हे भिंतीच्या पायथ्याशी कळतं. घरं चिऱ्याची (जांभ्या दगडाची), वर चुन्याचा गिलावा. चिरा पावसाचं पाणी पितो आणि चुन्यातून ते हळूहळू बाहेर पडतं. डागडुजीत सिमेंट थापून वर प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते. मग गिलावा फुगतो, पांढरा क्षार फुटतो, पोपडे सुटतात. रंग ताजा आणि तळ फुगलेला दिसला तर काम चुकलंय. चुन्यानं दुरुस्त केलेली घरंही आहेत. तिथं मनापासून दाद द्यावी, कारण त्या कामाला वेळ लागतो आणि जाणकार गवंडी मिळवावा लागतो. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या मोजक्याच उरल्यात, त्या चुकवू नका.

सेंट सेबॅस्टियन चॅपल एरवी बहुधा बंद असतं, म्हणून प्रार्थनेची वेळ गाठा. आतला ख्रिस्त मान ताठ आणि डोळे उघडे असलेला आहे. तो क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) वाड्यातून आला.

उत्सवांत डिसेंबरचा सेरेंडिपिटी कला महोत्सव (२०१६ पासून) मोठा. जुन्या गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) इमारतीत कलाप्रदर्शनं भरतात, आणि रिकाम्या वारसा इमारतीचा याहून चांगला वापर क्वचितच दिसतो. नावनोंदणी आधीच करा. राहण्याचे दर मात्र तेव्हा चढे असतात. ८ डिसेंबरला पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचं फेस्त (वार्षिक सण) असतं, त्याची फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, चर्चच्या पायऱ्यांसमोरच भरते.

पण शेजार म्हणून ही वस्ती अनुभवायची तर फेब्रुवारीच्या सुमारास लागूनच असलेल्या मळा या भागातल्या मारुतीच्या जत्रेला या. देऊळ आल्तिनो टेकडीच्या उतारावर, पायऱ्या बऱ्याच.

सर्वांत खटकतं ते पाहुण्यांचं वागणं. लोकांच्या बाल्कांवावर (दारापुढच्या बसायच्या ओट्यावर) बसून फोटो काढू नका. आत माणसं राहतात, आणि तशा विनंतीच्या पाट्याही दारांवर लावलेल्या आहेत.