कांटच्या ‘क्रिटिक’साठी प्रवेशिका: सात महिन्यांच्या वापरानंतर

अमळनेरला 1916 पासून तत्त्वज्ञान मंदिर ही अभ्याससंस्था आहे, त्यामुळे जर्मन तत्त्वज्ञ कांटचं नाव इथे नवं नाही. त्याचं ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ पानागणिक वाचणारे मात्र थोडे. इथल्या वाचनगटात तीन इंग्रजी प्रवेशिका, म्हणजे हा ग्रंथ समजावणारी पुस्तकं, सात महिने मुळाशेजारी ठेवून वापरल्या. मुळातल्या पानाचा आकडा न देणारी प्रवेशिका घेऊ नका.

पहिल्या आवृत्तीची (1781) पानं ‘ए’ने आणि दुसरीची (1787) ‘बी’ने दाखवतात. कोटींच्या (कार्यकारणासारख्या, बुद्धीच्या मूलभूत संकल्पनांच्या) समर्थनाचा भाग कांटने दुसऱ्या आवृत्तीसाठी नव्याने लिहिला. त्यातलं तीन पदरी संश्लेषण, म्हणजे मन विखुरलेले अनुभव तीन पायऱ्यांनी कसे जोडतं ते, फक्त ‘ए’मध्ये, साधारण 97 ते 110 या पानांवर. एका प्रवेशिकेने दोन्ही मजकूर मिसळून एकच युक्तिवाद केलाय आणि आकडेही गाळलेत. वाचणारा ते ‘बी’मध्ये शोधत बसतो.

खरी परीक्षा कार्यकारणाच्या प्रकरणात, बी 232 पासून. तिथली कांटची दोन उदाहरणं अशी. घर पाहताना नजर छपरावरून पायाकडे न्या किंवा उलट, चालतं. प्रवाहाबरोबर जाणारी नाव मात्र आधी वरच्या अंगाला, मग खालच्या अंगाला अशीच दिसते. भुसावळला तापीच्या काठी हे करून बघा: पुलाचे खांब कुठूनही मोजता येतात, पुरात वाहत येणारा ओंडका उलट्या क्रमाने दिसत नाही. दोन प्रवेशिका इथे ‘म्हणून कारणाशिवाय काही घडत नाही’ असं लिहून मोकळ्या होतात. पण हा क्रम नियमाने बांधलेला असल्याशिवाय त्याला ‘घटना’ म्हणता येत नाही, ही पायरी मध्ये आहे आणि सगळा वाद तिच्यावरच आहे. तिसरी त्या पायरीवर थांबते, म्हणून तीच ठेवली.

मराठीत टिपणं काढताना ‘इंट्यूइशन’ला अंतःप्रज्ञा लिहू नका. कांटला आतून उमगणं अभिप्रेत नाही. वस्तूशी थेट संबंध जोडणारं ज्ञान अभिप्रेत आहे, आणि आपल्या बाबतीत ते इंद्रियांतूनच येतं. हा एक शब्द चुकला की पुढची शंभर पानं वाकडी जातात.

बैठकीला मुळाची सहा ते आठ पानं पुरे. आधी मूळ, अडेल तिथे पेन्सिलची खूण, मग प्रवेशिका, मग खुणेपाशी परत मूळ. उलट केलं तर प्रवेशिकेची वाक्यंच कांटमध्ये दिसू लागतात. कोटींच्या समर्थनाला तीन बैठका धरा. कांटचं स्वतःचं ‘प्रोलेगोमेना’ (1783) नकाशा म्हणून उत्तम, पण ते गणित आणि निसर्गविज्ञान गृहीत धरून मागे जातं, त्यामुळे सिद्धता त्यात शोधू नये.

चार प्रतिद्वंद्वांसाठी (विश्वाबद्दलच्या परस्परविरोधी दाव्यांच्या जोड्यांसाठी) प्रवेशिका लागत नाही. पक्ष आणि प्रतिपक्ष मुळातच समोरासमोर मांडलेत.