जागच्या जागी अपग्रेड की शेजारी नवा सर्व्हर?

सर्व्हरवर चालणाऱ्या उबंटू २०.०४ या ऑपरेटिंग सिस्टिमचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्येच संपला. तुमची साइट अजून त्यावर असेल, तर हलायला हवंच. आता फक्त कसं हलायचं ते ठरवा.

जागच्या जागी अपग्रेड करण्याचा मोह मला कळतो. आयपी (सर्व्हरचा पत्ता) तोच राहतो, डेटा हलवावा लागत नाही, दुसऱ्या सर्व्हरचा खर्च वाचतो. पण मधली एलटीएस (दीर्घ सपोर्टची आवृत्ती) गाळून उडी मारता येत नाही: आधी २२.०४, मग २४.०४. म्हणजे साइटचा कोड ज्यात लिहिलाय ती पीएचपी भाषाही ७.४ वरून ८.१ आणि तिथून ८.३. वाटेत अपग्रेडर विचारतो, तुमची बदललेली कॉन्फिग फाइल ठेवू की पॅकेजमधली नवी घेऊ? रात्री दोन वाजता घाईत नवी घेतली, की हाताने केलेली सगळी सेटिंग्ज बाजूला पडतात. बाहेरच्या रिपॉझिटरीही, म्हणजे सॉफ्टवेअर जिथून उतरवतो ते साठेही, तो बंद करून टाकतो. त्या नंतर आठवणीने चालू कराव्या लागतात. काही बिनसलंच तर परतीची वाट एकच, आधी घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे सर्व्हरची जशीच्या तशी प्रत.

नव्या सर्व्हरवर थेट २४.०४ बसवता येतं. आपल्या मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये (कोणतं डोमेन कोणत्या आयपीवर न्यायचं ते तिथे लिहिता येतं) डोमेनसमोर नवा आयपी टाकला की साइट निवांत तपासता येते, आणि लोक तोवर जुन्या सर्व्हरवरच असतात. ही सवड फार मोलाची आहे, कारण काही चुका एररच देत नाहीत. पीएचपी ७.४ मध्ये शून्य आणि 'एबीसी' यांची दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर उत्तर खरं येतं, ८ पासून खोटं. जुन्या कोडमधली एखादी अट अशी गुपचूप उलटते.

कष्ट मात्र इथे जास्त. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), मेलची सेटिंग्ज हलवायची. डीएनएस म्हणजे डोमेनचा आयपी सांगणारी यंत्रणा; तिचा टीटीएल, म्हणजे जुना आयपी किती वेळ लक्षात ठेवला जातो तो काळ, आदल्या दिवशीच ३०० सेकंदांवर आणायचा. डेटाबेसची शेवटची कॉपी घेताना जुनी साइट मेंटेनन्सवर टाकायची.

तरी माझं मत नव्या सर्व्हरलाच. जागच्या जागी करा ते फक्त आयपी बदलणं शक्यच नसेल आणि दोनचार तास साइट बंद राहिलेली चालणार असेल तर.

आणि कळकळीने सांगतो, याच फेरीत अपाची हा वेब सर्व्हर प्रोग्रॅम सोडून एनजिनएक्स या दुसऱ्यावर जाऊ नका. फोल्डरचे नियम ज्यात असतात ती अपाचीची एचटीॲक्सेस फाइल एनजिनएक्स वाचतच नाही. तिच्या भरवशावर बंद ठेवलेला बॅकअपचा फोल्डर दुसऱ्या दिवशी जगाला उघडा दिसेल. तो बदल दोन महिन्यांनी, वेगळा करा. जुना सर्व्हरही तोवर डिलीट करू नका. नुसता बंद ठेवा.