थारच्या छतावर काय: लांब एलईडी बार की चार गोल स्पॉट?

दोन्हींची वॉटेज सारखी धरू: 120 वॉटचा एक बार, किंवा 30 वॉटचे चार स्पॉट. 12 व्होल्टवर दोन्हींना साधारण 10 अँपिअर लागतात.

बारचा उजेड रुंद पसरतो. खडकाळ वाट, ओढ्याचा काठ, अवघड वळणावरची कड दिसायला तोच बरा. पण छतावरून तो बॉनेटवरही पडतो आणि पांढऱ्या गाडीत डोळे दिपतात. बार काचेच्या वरच्या कडेपासून शक्य तितका मागे बसवा, बॉनेटला मॅट काळं रॅप (चिकटवायची फिल्म) लावा. ऐंशीच्या वेगाला बारच्या फिन्समधून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या मागच्या पात्यांमधून) शिट्टी वाजते. कडेला रबरी पट्टी चिकटवली की बरीच कमी होते.

स्पॉट लांब मारतात, वाऱ्याला कमी अडतात. शिवाय एक गेला तरी तीन चालू राहतात. बारचा ड्रायव्हर (एलईडींना करंट पुरवणारं सर्किट) गेला की अख्खा बार काळोखात. मात्र चार कनेक्टर म्हणजे पाणी शिरायला चार जागा.

वायरिंगमध्ये कंजूषी नकोच. बॅटरीजवळ 15 अँपिअरचा फ्यूज, मग रिले, म्हणजे छोट्या स्विचने मोठा करंट चालू-बंद करणारा भाग. त्याच्या पिनांवर नंबर असतात: फ्यूजकडून येणारी वायर 30 ला, 87 वरून दिवे, 86 ला स्विच, 85 अर्थ (गाडीची बॉडी). जाऊन-येऊन 8 मीटर 1.5 चौरस मिमी वायरीत सुमारे 0.9 व्होल्ट वाटेतच कमी होतात, म्हणून 2.5 ची घ्या.

सह्याद्रीच्या पावसाळी धुक्यात दोन्ही निरुपयोगी: उंचावरचा उजेड थेंबांवरून परत डोळ्यांत येतो. तिथे बंपरखालचे पिवळे फॉगलॅम्पच हवेत. सार्वजनिक रस्त्यावर छतावरचे दिवे बंद, वर कव्हर.

दऱ्याखोऱ्यांत हळू चालवणाऱ्याने बार घ्यावा. मोकळ्या माळावर वेगाने जाणाऱ्याने स्पॉट.