अप्रेझल फीडबॅक: एआयकडून की स्वतः?
भाचा नुकताच टीम लीड झालाय, आठ जणांचे अप्रेझल, म्हणजे कामाचा आढावा, लिहायचेत, म्हणतो मामा, चॅटजीपीटीला सांगू का?

वेळेत एआय सरळ पुढे, चार मुद्दे टाकले की दोन मिनिटांत पान भरतं, हाताने लिहायचं तर माणशी अर्धा तास, तोही चहाचा धरून. पण ते वाचून माणसाला वाटलं पाहिजे ना की हे माझ्याबद्दलच आहे, एआय सगळ्यांनाच 'उत्तम टीम प्लेअर' करून टाकतं, दोघांनी शेजारी बसून वाचलं की संपलं. आणि नावं, रेटिंग बाहेरच्या टूलमध्ये अजिबात टाकू नकोस, सॅमसंगमध्ये लोकांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला तर कंपनीने २०२३ मध्ये वापरावरच बंदी घातली.

इंग्रजीची धाकधूक असेल तर मुद्दे स्वतः मराठीत लिही, नावं काढ, फक्त त्याचं इंग्रजी एआयकडून करून घे. ज्याचं रेटिंग कमी आहे त्याचं मात्र स्वतःच लिही.