गच्चीवरच्या शेतीचं अनुदान: बिहारचा वाफा, तामिळनाडूची पेटी आणि आपला सातबारा

शहरात भाजी पिकवायला सरकार पैसे देतं म्हटल्यावर आधी टक्का विचारला जातो. ७५ टक्के ऐकलं की फॉर्म भरायची घाई होते. खरं तर अनुदान कोणत्या वस्तूवर मिळतं, पैसे कोणी आधी भरायचे आणि यादीत काय धरलेलंच नाही, हे तीन प्रश्न टक्क्याआधी विचारायला हवेत. त्या कसोटीवर दोन राज्यांच्या योजना तपासल्या, तर बिहारची योजना आखणीत चांगली असली तरी छताबाबत निष्काळजी वाटते. तामिळनाडूची पेटी लहान आहे, पण पैशाला पुरेपूर उतरते.

बिहारच्या उद्यान संचालनालयाची ‘छत पर बागवानी’ योजना पाटणा, गया, मुजफ्फरपूर आणि भागलपूर या शहरांसाठी आहे. तिचे दोन भाग आहेत. पहिला फार्मिंग बेडचा, म्हणजे तयार वाफ्यांचा. यात ३०० चौरस फुटांच्या एका युनिटचा खर्च ४८,५७४ रुपये धरला आहे. त्यावर ७५ टक्के, म्हणजे ३६,४३०.५० रुपये अनुदान मिळतं आणि लाभार्थी हिस्सा १२,१४३.५० रुपये येतो. दुसरा भाग कुंड्यांचा. त्याचं युनिट ८,९७५ रुपयांचं, अनुदान ६,७३१.२५ आणि आपल्या खिशातून २,२४३.७५. हे आकडे २०२४-२५ चे आहेत. अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाचे आकडे संचालनालयाच्या पोर्टलवर बघून घ्यावेत, कारण याच योजनेत पूर्वी ५० टक्के अनुदान होतं.

या योजनेची सगळ्यात चांगली बाजू म्हणजे पैशांचा क्रम. बहुतेक अनुदानांत आधी सगळा खर्च स्वतः करायचा, बिलं जोडायची आणि मग खात्यात रक्कम येण्याची वाट पाहायची. इथे अर्जदार फक्त स्वतःचा हिस्सा भरतो आणि सामान बसवण्याचं काम योजनेत नेमलेली एजन्सी करते. हाताशी पन्नास हजार नसलेल्या कुटुंबाला यामुळे योजना खरोखर परवडते. मात्र याची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. माल निवडणं आपल्या हातात राहत नाही, म्हणून एजन्सी सामान उतरवते तेव्हा यादी हातात धरून एकेक वस्तू मोजून घ्यावी आणि मगच पोचपावतीवर सही करावी. वाफ्याचं कापड अतिनील किरण सोसणारं आहे का, तळाला निचऱ्याची भोकं आहेत का, ठिबकला फिल्टर जोडलाय का, हे त्याच वेळी बघायचं. सही झाल्यावर विचारायला गेलं की हेलपाटे सुरू होतात.

अट एवढीच की छत स्वतःचं हवं आणि त्यावर ३०० चौरस फूट मोकळी जागा हवी. फ्लॅट असेल तर सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं. बहुतेक अर्ज याच कागदावर अडतात, कारण गच्ची सामाईक असते आणि वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला गळतीची धास्ती असते. ती धास्ती अजिबात खोटी नाही.

योजनेतली कच्ची जागाही नेमकी इथेच आहे. अनुदान वाफे, पिशव्या, खत, ठिबक या सामानावर मिळतं. छताचं वॉटरप्रूफिंग आणि भार तपासणी त्यात येत नाही. इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक असलेल्या आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार माणसांची ये-जा असलेल्या छतासाठी चल भार, म्हणजे स्लॅबच्या स्वतःच्या वजनाखेरीज वर येणारं वजन, प्रति चौरस मीटर १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो धरतात. ये-जा नसलेल्या छतासाठी तर याच्या निम्माच. आता हिशेब करा. ३० सेंटिमीटर जाडीचा बागेतल्या मातीचा थर पाणी पिऊन प्रति चौरस मीटर ५०० किलोच्या वर जातो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा चोथा) आणि कंपोस्टचं हलकं मिश्रण २० सेंटिमीटर भरलं, तरी ओलं असताना दोनशेच्या आसपास पोचतं. वाफे संपूर्ण छतावर पसरलेले नसतात, त्यामुळे सरासरी भार खाली येतो. पण स्लॅबच्या मधोमध चार वाफे एकाला एक खेटून ठेवले की त्या पट्ट्यापुरता हा सरासरीचा दिलासा संपला. म्हणून वाफे तुळया आणि भिंतींच्या रेषेवर ठेवायचे, मधला भाग चालायला मोकळा सोडायचा आणि शेतातली काळी माती वर न्यायचीच नाही. जुन्या इमारतीत ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा गळतीरोधक थर, असेल तर त्याचंही वजन स्लॅब आधीपासूनच वाहतोय, हे विसरू नये. घर तीस-चाळीस वर्षांचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी अनुदानात बसत नाही म्हणून वाचवायला जाऊ नये.

गळतीची चाचणी सामान येण्याआधी उरकायला हवी. छताची पाणीवाट बंद करून पाच सेंटिमीटर पाणी ४८ तास उभं ठेवा आणि खालच्या खोलीचं छत, विशेषतः कोपरे आणि पाइपाच्या जागा बघा. ओल दिसली तर आधी दुरुस्ती. वाफे विटांवर ठेवून स्लॅबपासून पाच-सात सेंटिमीटर वर उचलावेत, म्हणजे खालून पाणी वाहतं, झाडू फिरतो आणि कुठे झिरपतंय ते दिसतं. वाफा थेट फरशीवर बसवला तर त्याखाली सतत ओल राहते आणि एका पावसाळ्यात कोब्याच्या सांध्यांतून पाणी खाली उतरायला लागतं.

ठिबकबाबत एक नेहमीची चूक होते. गच्चीवरच्या टाकीला थेट ठिबकची नळी जोडली जाते. टाकीतलं पाणी वाफ्यापेक्षा एक मीटर वर असेल तर दाब मिळतो ०.१ बार. नेहमीचे ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोट्या, एक बारच्या आसपास चालण्यासाठी बनवलेले असतात. परिणामी पहिल्या वाफ्यात चिखल होतो आणि शेवटचा कोरडाच राहतो. दाब समतोल राखणारे महागडे ड्रिपर तर इतक्या कमी दाबावर नीट काम करतच नाहीत. एक तर छोटा पंप लावावा, नाहीतर कमी दाबाचे ड्रिपर घेऊन नळीची लांबी आखूड ठेवावी. १२० मेशचा (बारीक जाळीचा) फिल्टर आठवड्याला धुवायचा. दहा चौरस मीटर पिकाला कडक उन्हाळ्यात रोज किमान ५० ते ६० लिटर पाणी लागतं. जिथे टँकर मागवावा लागतो, तिथे हा खर्च अनुदानाच्या आनंदावर वर्षभरात विरजण घालतो.

तामिळनाडूच्या उद्यानविद्या खात्याची ‘माडी तोट्टम’ (गच्चीवरची बाग) पेटी याच्या अगदी उलट प्रकृतीची आहे. ९०० रुपयांचा संच ५० टक्के अनुदानावर ४५० रुपयांना. आत सहा ग्रो बॅग, प्रत्येकी दोन किलोच्या सहा कोकोपीट विटा, सहा भाज्यांचं बी, प्रत्येकी २०० ग्रॅम अझोस्पिरिलम, फॉस्फोबॅक्टेरिया (दोन्ही उपयुक्त जिवाणू) आणि ट्रायकोडर्मा व्हिरिडी (रोगांना रोखणारी उपयुक्त बुरशी), १०० मिली कडुनिंबाचं औषध आणि माहितीपुस्तिका. अर्जासोबत आधार लागतं, पण जागेच्या मालकीचा बाऊ नाही, म्हणजे भाडेकरूलाही दार उघडं राहतं. सहा पिशव्यांचा भार बाल्कनीलाही झेपतो.

पेटीत खत मात्र नाही, आणि ही उणीव लहान नाही. कोकोपीट पाणी धरतं, पोषण जवळजवळ देत नाही. जिवाणू पाकिटं आहेत, पण अझोस्पिरिलमला जगायला सेंद्रिय पदार्थ लागतो. नुसत्या कोकोपीटात बी पेरलं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रोप पिवळं पडतं आणि लोक बियाण्याला दोष देतात. दोन किलोची वीट दहा-बारा लिटर पाण्यात भिजवली की साधारण २५ ते ३० लिटर होते. हा चोथा दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवायचा, उतरणारं पाणी फिकं होईपर्यंत. न धुतलेल्या चोथ्यात क्षार असतात आणि त्यामुळे कॅल्शियमही झाडाला पुरेसं मिळत नाही. टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो त्यामागे हेही एक कारण असतं. मग आकारमानाने चार भाग कोकोपीट, तीन भाग गांडूळखत आणि तीन भाग माती. बाल्कनी नाजूक असेल तर माती अर्धी करून तेवढं खत वाढवा. पिशवीमागे मूठभर निंबोळी पेंड घाला.

ट्रायकोडर्माचं पाकीट थेट पिशवीत रिकामं करणं म्हणजे वाया घालवणं. दहा किलो ओलसर गांडूळखतात मिसळून गोणपाटाखाली सावलीत आठवडाभर ठेवावं आणि मग सहा पिशव्यांत वाटावं. ही तिन्ही पाकिटं जिवंत आहेत. अंतिम तारीख उलटलेली असेल किंवा पाकीट उन्हात पडून राहिलं असेल तर ती निरुपयोगी ठरतात, आणि रासायनिक बुरशीनाशकासोबत ट्रायकोडर्मा कधीच द्यायचा नाही. कडुनिंबाचं औषध लिटरला तीन ते पाच मिली, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला. भर उन्हात फवारलं की पानं करपतात.

सहा पिशव्यांत सहा वेगळ्या भाज्या लावायचा मोह होतो. वांग्याचं एकच झाड घराला पुरत नाही. दोन पिशव्यांत मिरची, दोनांत टोमॅटो आणि उरलेल्या दोनांत आलटून पालटून पालेभाजी असं लावलं, तर ४५० रुपये आणि वरचं खत लवकर वसूल होतं.

महाराष्ट्रात शेडनेट आणि हरितगृहाचं ५० टक्के अनुदान महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून मिळतं, पण त्यासाठी नावावर सातबारा असलेली शेतजमीन लागते. गच्चीला सातबारा नसतो, विषय संपला. शहराच्या कडेला स्वतःची शेतजमीन असेल तरच या वाटेला जावं. त्यातही पूर्वसंमती हातात येण्याआधी एक पाइपही उभा करू नये, कारण आधी केलेलं काम अनुदानाला पात्र धरत नाहीत. पुढे जीएसटीचं पक्कं बिल, मोका तपासणी (जागेवर येऊन केलेली पाहणी) आणि आधारशी जोडलेलं खातं, या तीनपैकी एक जरी हुकलं तरी पैसे अडकतात. गच्चीवाल्यांसाठी पुण्यात एक आडवाट आहे. महापालिका गांडूळखत, पर्जन्यजल संधारण किंवा सौरऊर्जा यांपैकी एक प्रकल्प असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सूट देते. गांडूळखताचा खड्डा वाफ्यांना खत पुरवतो आणि पावसाचं पाणी ठिबकच्या टाकीला कामी येतं. मात्र प्रकल्प चालू स्थितीत असेल तरच सूट टिकते, तेव्हा तपासणीला कोणी आलं तर खड्ड्यात गांडुळं जिवंत दिसली पाहिजेत.