फोन की कॅमेरा? आधी सांगा, मूल तुमच्या वाट्याला किती वाजता येतं

"ताई, चिमीचं बोरन्हाण आलंय. फोन बदलू, की सेकंडहँड कॅमेरा घेऊ?" भावाचा प्रश्न. माझ्याकडे दोन्ही आहेत, म्हणून मला. मी उलट विचारलं, "ती जागी असताना तू घरी कधी असतोस?"

"साडेसातनंतर. आणि रविवारी."

माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागला.

सकाळी नऊला गॅलरीच्या दारात बसलेलं मूल कुठलाही बरा फोन झकास टिपतो. कॅमेरा कपाटातून काढून झाकण उघडेपर्यंत वरणभाताने माखलेलं तोंड आजीने पुसूनही टाकलेलं असतं. फोन हातातच असतो. आयफोनवर लाइव्ह फोटो चालू असेल, तर बटण दाबण्याआधीचा आणि नंतरचा दीड-दीड सेकंद साठतो आणि त्यातला उघड्या डोळ्यांचा क्षण निवडता येतो. खोड एकच. फोनची मुख्य लेन्स वाइड असते. जवळ जाऊन काढलात की नाक-कपाळ मोठं आणि कान गायब. दोन पावलं मागे सरका, २एक्स लावा, जमिनीवर बसा. आणि हो, लेन्स पुसा. पोरांच्या तुपकट बोटांचे ठसे असतातच.

पोर्ट्रेट मोडवर माझा फारसा भरवसा नाही. मागचं धूसर करताना तो कुरळ्या बटा आणि हलव्याच्या मुकुटाची टोकंही अधूनमधून खाऊन टाकतो.

आता संध्याकाळ. हॉलमध्ये एक ट्यूबलाइट आणि मूल एका जागी थांबत नाही. पळणाऱ्या पोरासाठी शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १/२५० सेकंद किंवा त्याहून कमी हवा. एवढ्या उजेडात फोन १/३० च्या आसपास उतरतो, वर दोन-चार फ्रेम जोडून एक फोटो करतो, म्हणून हाताच्या जागी पिसारा दिसतो. माझ्या मुलाच्या बोरन्हाणाचे माझ्या फोनवरचे फोटो असेच आहेत: बोरांच्या रेघा आणि पांढराफटक चेहरा. चेहऱ्याचं कारण काळं झबलं. फ्रेममध्ये काळं जास्त असलं की फोन काय, कॅमेरा काय, 'अंधार आहे' समजून उजेड वाढवतो. फोनवर चेहऱ्यावर बोट टेकवून पट्टी जरा खाली ओढायची, कॅमेऱ्यात एक्स्पोजर थोडं उणे करायचं. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याच संध्याकाळी मावसभावाने जुन्या डीएसएलआरवर काढलेल्या एका फोटोत मात्र भुवईवर अडकलेला कुरमुरासुद्धा स्पष्ट आहे.

पण ही करामत एफ १.८ च्या लेन्सची (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि उजेड जास्त). कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ किट लेन्सवर संध्याकाळी फोनपेक्षा फार वेगळं काही हाती लागत नाही, आणि इथेच बरेच जण निराश होऊन कॅमेरा पुन्हा कपाटात ठेवतात. सगळे ५० एमएम घ्या म्हणतात. एमएमचा आकडा जितका मोठा, तितकं फ्रेममध्ये कमी मावतं, आणि साध्या डीएसएलआरच्या छोट्या सेन्सरवर ५० ही ७५-८० सारखी वागते. दहा बाय बाराच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी मूल, औक्षण करणारी आजी आणि पाट एकत्र मावत नाहीत. फ्लॅटमध्ये ३५ बरी. निकॉनचं डी३५०० किंवा डी५६०० घेणार असाल तर जपून: त्यांच्यात फोकसची मोटर नाही, त्यामुळे स्वस्तात मिळणारी जुनी ५० एमएम 'डी' लेन्स त्यांवर आपोआप फोकस करत नाही. नावात एएफ-एस हवं. पळत्या पोरामागे हाताने फोकस फिरवत बसणं आपल्याच्याने होत नाही.

एफ १.८ चाही अतिरेक नको. ५० एमएमवर दीड मीटरवरून पुढे-मागे मिळून जेमतेम सहा सेंटिमीटर एवढंच स्पष्ट येतं. मांडीवरचं बाळ स्पष्ट, आई धूसर. दोघं असतील तर २.८. शिवाय आपल्या विजेवर साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे वेगवान शटरला एक फोटो पिवळा, पुढचा काळसर येऊ शकतो. मूल बसलेलं असेल तेव्हा १/१०० वर उतरायचं, पळायला लागलं की असे फोटो गृहीत धरून भरपूर काढायचे.

म्हणजे दिवसभर मुलासोबत घरी असणाऱ्याने कॅमेऱ्यावर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत. ज्याला मूल फक्त दिवे लागल्यावर भेटतं, त्याने सेकंडहँड बॉडी आणि ३५ एमएम १.८ घ्यावी, नवा फोन नको.

भावाला तिसरा, फुकटातला उपायही सुचवला होता: बोरन्हाण रविवारी सकाळी अकराला, गॅलरीत. त्याने आईला विचारलं. आई म्हणाली, "हळदीकुंकवाला बायका सकाळी अकराला येतात होय?"

तो आता ३५ एमएम शोधतोय.