बाहेरचा कर्नल ड्रायव्हर: बिल्डरूट, योक्टो की ओपनडब्ल्यूआरटी?

वाय-फाय चिपबरोबर व्हेंडरने ड्रायव्हरचा टारबॉल (सोर्स कोडची आर्काइव्ह फाइल) दिलाय, तो ड्रायव्हर मेनलाइन, म्हणजे अधिकृत लिनक्स कर्नलमध्ये नाही आणि इमेजमध्ये तर हवाच आहे. उपकरणाची लिनक्स इमेज बांधणारी बिल्ड सिस्टिम (बिल्डरूट, योक्टो की ओपनडब्ल्यूआरटी) अजून ठरायची असेल, तर ‘पॅकेज कुठे पटकन लिहून होईल?’ हा प्रश्न आधी सुचतो. माझ्या मते आधी पाहायला हवं ते हे, की प्रॉडक्ट विकलं जात असताना त्याचा कर्नल किती वेळा बदलणार आहे.

नुसतं लिहायचं तर बिल्डरूटसारखं सुटसुटीत काही नाही. पॅकेजच्या मेकफाइलमध्ये व्हर्जन, सोर्सचा पत्ता, लायसन्स आणि शेवटी दोन ओळी: आधी कर्नल-मॉड्यूलची (मॉड्यूल म्हणजे कर्नलमध्ये लोड होणारी ड्रायव्हरची फाइल), तिच्या खाली जेनेरिक-पॅकेजची. क्रम उलटा चालत नाही. आधी कर्नल बिल्ड व्हायला हवा, हे बिल्डरूट स्वतःच बघतं. योक्टोत रेसिपीमध्ये, म्हणजे पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, ‘इन्हेरिट मॉड्यूल’ लिहायचं. नमुना हवा असेल तर मेटा-स्केलेटन या लेयरमधली (रेसिपींच्या संचातली) हॅलो-मॉड ही रेसिपी उघडून बघा.

खरा फरक कळतो तो व्हेंडरची मेकफाइल समोर आल्यावर. अशा मेकफाइलमध्ये कर्नलचा पत्ता बऱ्याचदा ‘यूनेम’ कमांड चालवून काढलेला असतो, म्हणजे बिल्ड चालू असलेल्या मशीनचाच कर्नल. बिल्डरूट त्या मेकफाइलची टार्गेट्स वापरतच नाही. ते थेट केबिल्डला, म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या बिल्ड व्यवस्थेला, बोलावतं आणि ड्रायव्हरची डिरेक्टरी दाखवतं, त्यामुळे हा घोळ बहुधा आडवा येत नाही. मॉड्यूल निवडणारा एखादा कॉन्फिग पर्याय तेवढा मेक-ऑप्ट्समधून द्यावा लागतो. योक्टो मात्र व्हेंडरचीच मेकफाइल चालवतं आणि कर्नलचा पत्ता ‘कर्नल-एसआरसी’ या नावाने पुरवतं. मेकफाइल ते नाव वाचत नसेल, किंवा तिच्यात ‘मॉड्यूल्स-इन्स्टॉल’ हे टार्गेट नसेल, तर पॅच लिहिणं किंवा रेसिपीतून व्हेरिएबल बदलून देणं आलं. पहिल्या दिवशी योक्टो जास्त घाम काढतं, ते इथे.

पुढे पारडं फिरतं. बिल्डरूटमध्ये कर्नलचा कॉन्फिग बदलून फक्त कर्नल पुन्हा बिल्ड केला, तर बाहेरचं मॉड्यूल जुनंच राहतं. ते वेगळं रीबिल्ड करायचं हे आपणच लक्षात ठेवायचं. व्हर्जन बदललं असेल तर जुनं मॉड्यूल जुन्या व्हर्जनच्या फोल्डरमध्ये पडून राहतं आणि मॉड्यूल लोड करणाऱ्या मॉडप्रोबला सापडत नाही, म्हणजे निदान चूक दिसते तरी. व्हर्जन तेच ठेवून कॉन्फिग बदलला तर धोका जास्त. मॉड्यूल लोड करताना कर्नल जी खूण जुळवून बघतो, त्या व्हरमॅजिकमध्ये व्हर्जन, एसएमपी, प्रीएम्प्ट अशा थोड्याच गोष्टी असतात. एखाद्या पर्यायाने स्ट्रक्चरची मांडणी बदलली आणि मॉडव्हर्जन्स (सिंबॉल्सचे चेकसम तपासणारा पर्याय) बंद असेल, तर मॉड्यूल विनातक्रार लोड होतं आणि नंतर कुठेतरी क्रॅश होतं. असा बग शोधणं फार जिवावर येतं. योक्टोत कर्नलची रेसिपी किंवा कॉन्फिग बदलला की बिटबेक हे योक्टोचं बिल्ड टूल सिग्नेचरवरून (इनपुटच्या हॅशवरून) ते ओळखतं आणि मॉड्यूल पुन्हा बांधतं.

ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे मुख्यतः राउटरसाठीचं लिनक्स, हा धोका पॅकेजच्या पातळीवरच अडवतं: प्रत्येक केमॉड (कर्नल मॉड्यूलचं) पॅकेज कर्नलच्या व्हर्जनला आणि कॉन्फिगच्या हॅशला बांधलेलं असतं, जुळलं नाही तर इन्स्टॉलच होत नाही. ऑटोप्रोब, म्हणजे बूटच्या वेळी मॉड्यूल आपोआप लोड करणं, तेही सोपं आहे. पण राउटर किंवा नेटवर्कचं उपकरण बनवत नसाल, तर केवळ एका ड्रायव्हरसाठी तिकडे जाऊ नका.

योक्टोत एक खाचखळगा आहे. रेसिपी बिल्ड झाली म्हणजे मॉड्यूल इमेजमध्ये आलं असं नाही. मशीनच्या शिफारसींच्या यादीत नाव घातलं आणि त्यात चूक झाली, तर बिल्ड थांबत नाही, मॉड्यूल गुपचूप गळतं. विकासाच्या काळात नाव सक्तीच्या यादीत ठेवलेलं बरं.

एकच बोर्ड, छोटी टीम आणि एकदा ठरला की न हलणारा कर्नल असेल, तर बिल्डरूट घ्या. मात्र रिलीज नेहमी कोऱ्या बिल्डमधूनच काढा. दोन-तीन बोर्ड असतील आणि सुरक्षा अपडेटसाठी कर्नल सतत पुढे जाणार असेल, तर योक्टोवर सुरुवातीला गेलेले दिवस वसूल होतात.

कर्नलचा अंतर्गत एपीआय बदलतो तेव्हा मात्र तिघांपैकी कोणीच हात देत नाही. 5.6 मध्ये प्रॉक फाइल्ससाठी वेगळं स्ट्रक्चर आलं, 6.4 मध्ये ‘क्लास-क्रिएट’ या फंक्शनचा एक आर्ग्युमेंट गेला, आणि जुने ड्रायव्हर कंपाइल होईनासे झाले. त्यामुळे टारबॉल हातात आला की पुढे ज्या कर्नलवर जायचंय त्यावर एकदा कंपाइल करून बघा. एररची यादी लांबलचक निघाली, तर बिल्ड सिस्टिम ठरवण्याआधी चिपच बदलता येते का ते विचारा.